एकादशीची सुई

भेटीच्या जाळीचा गंज बोटांना लागतो, हे छबूबाईला आठ महिन्यांत पाठ झालं होतं. तरी दर शुक्रवारी ती बोटं त्या जाळीतच खुपसायची, कारण पलीकडून मालकांची दोन बोटं येऊन टेकायची. तेवढाच काय तो संसार हाताशी उरला होता.

तालुक्याच्या कचेरीमागचं ते लहानसं जेल. चार बराकी, मधे फरशीचं अंगण आणि भिंतीला लागूनच रस्ता. विहिरीच्या पाळीवरून भांडण झालं, टिकावाचा दांडा चुलतभावाच्या, महेंद्रच्या कानशिलावर बसला आणि तिसगावच्या भजनी मंडळातले टाळकरी कानिफनाथ, छबूबाईचे मालक, इथं येऊन पडले. मारलं हे त्यांनी कधी नाकारलं नाही. जामीन दोनदा फेटाळला, खटला उभा राहायचा अजून बाकी होता. पण अंगातली शुगर कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसत नाही. बारा वर्षांचा तो आजार. रोज सकाळी इन्शुलिनची सुई घ्यायची. त्यात चार महिन्यांपासून डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम मिटायचं नाव घेत नव्हती.

"अगं, आज लई चांगली खबर हाय," कानिफनाथ जाळीला तोंड लावून म्हणाले. चेहरा ओढलेला, पण डोळ्यांत हसू होतं. "तू अर्जावर अर्ज केलंस न्हवं, त्याचं फळ आलं. नवी बाटली आली. बर्फाच्या डब्यातनं! उद्यापास्नं नवी सुरू."

छबूबाईचा जीव भांड्यात पडला. या बाटलीसाठी तिनं तीन अर्ज घातले होते. घरी औषध फ्रीजच्या दारात असायचं. इथं ते लोखंडी कपाटात, तेही दुपारच्या उन्हाच्या बाजूला. उन्हानं हे औषध मरतं, असं तिसगावच्या डॉक्टरांनी तिला कधीचं बजावलेलं. मेलेल्या औषधानं शुगर उतरत नव्हती, म्हणून इथले लोक डोस वाढवत गेले. घरी वीस युनिट पुरायचे, इथं तीसवर गेले होते.

"आन आता किती देनार?" तिनं विचारलं.

"तीसच की. कागदावर तीस हाय."

"अवं, पर बाटली नवी हाय ना! डॉक्टरांनी बघितलं का?"

"डॉक्टर येऊन तीन आठवडं झालं."

"मशीनवर तपासलं तरी?"

"पट्ट्या संपल्यात म्हनं." कानिफनाथांनी हात हलवला, जणू माशी उडवली. मग आवाज खाली आणला. "छबू, उद्या एकादशी. उद्यापास्नं पाच एकादश्या निर्जळी धरल्यात म्या. महेंद्रचा कान कायमचा गेला म्हनं. माझ्या हातानं गेला. एवढं तरी करू दे मला."

छबूबाईनं मनात हिशेब केला. तीस युनिट, तेही ताजे, आणि पोटात पाण्याचा घोटसुद्धा नाही.

"निर्जळी नका करू," ती घाईनं म्हणाली. "न्हाई तर उद्याची सुई तरी नका घेऊ. ह्यातलं एक करा."

"सुई न्हाई म्हनलं की वहीत लिवत्यात, औषध नाकारलं म्हनून. मंगळवारी पायासाठी नगरच्या दवाखान्यात न्यायच्या यादीत नाव हाय माझं. तीनदा संगं न्यायला पोलिसांची गार्ड मिळाली न्हाई म्हनून ऱ्हायलं. आता नाव कापून घेऊ व्हय?"

"मग उपास मोडा."

कानिफनाथ हसले. छबूबाईला त्यांचं हे हसू ठाऊक होतं. कीर्तनात टाळ धरून उभे राहिले की असेच हसायचे. "येडी का काय तू? बारा वर्षं सुई घेऊन एकादशी केली मी. एकदा तरी चक्कर आली का? पांडुरंगानं सांभाळलं. उद्या काय तो झोपी जानार हाय?"

छबूबाईनं तोंड उघडलं. आता सांगायलाच हवं होतं. बारा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट अगदी ओठापर्यंत आली. पण शेजारच्या जाळीवर एक बाई मोठ्यानं रडत होती, मागं रांग होती, आणि मालकांच्या चेहऱ्यावरचं ते हसू समोर होतं. आत कोंडलेल्या माणसाकडे एवढंच शिल्लक आहे, तेही मीच काढून घ्यायचं?

"टाइम झाला!" शिपायानं दांडका आपटलं. दोन बोटं जाळीतून निघून गेली.

गोष्ट अशी होती. कानिफनाथांना सुई बघवत नसे. घरी छबूबाई सुई भरायची, आणि ते भिंतीवरच्या पांडुरंगाच्या तसबिरीकडे तोंड करून नाम घेत बसायचे. तिसगावच्या डॉक्टरांनी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, उपासाच्या दिवशी निम्मंच औषध द्यायचं, आणि केळं तरी खायला घालायचं. तिनं मालकांना सांगून बघितलं. मालक म्हणाले, "देवाच्या दिवशी औषधात काटछाट कशाला? त्याच्यावर भरवसा न्हाई का?" तेव्हापासून छबूबाईनं सांगणं सोडलं आणि एकादशीला गुपचूप दहाच युनिट भरू लागली. मालक गावभर सांगत सुटले, पूर्ण सुई घेऊन एकादशी करतो, पांडुरंग पाठीशी आहे! छबूबाई मान डोलवायची. कुणाचं काय बिघडत होतं?

आता बिघडलं होतं. जेलमध्ये आल्यावर इतक्या एकादश्या निभावल्या, त्याही मेलेल्या औषधामुळं, हे तिला आत्ता लख्ख दिसलं. आणि ताजी बाटली तर तिनंच तीन अर्ज घालून आणवली होती.

फाटकावरचे हवालदार भाऊसाहेब तोंडाळ, पण मनानं मऊ. छबूबाईनं त्यांना सगळं सांगितलं.

"मावशी, तुमच्या तोंडच्या शब्दावर डोस निम्मा केला आन उद्या काय झालं, तर माझी वर्दी जाईल. डॉक्टरचा कागद आना."

"डॉक्टर कुठं हायत?"

"ट्रेनिंगला. सोमवारी येतील. फोन बंद." भाऊसाहेबांनी तिच्यादेखत कंपाउंडरला, योगेशला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कागदावर तीस लिहिलंय, साहेब," योगेशचा आवाज आला. "मी माझ्या मनानं कमी केलं तर उद्या माझ्यावर येईल. सकाळी साडेसातला येतो. रोजच्यासारखं."

फोन बंद झाला. 

"तुमी सांगा त्यांना," ती म्हणाली. "निदान एक केळं."

"सांगतो की. पर ऐकतील का? मागच्या एकादशीला वाटलेली केळी त्यांनी दुसऱ्या बराकीत देऊन टाकली. मानूस देव झालाय पार." मग त्यांना काहीतरी आठवलं. "उद्या नऊला आत कीर्तन हाय. सोनईचे वैजनाथ महाराज. साहेबांनी एकादशीचं ठेवलंय. महाराजांचं ऐकलं तर ऐकलं, बाकी ब्रह्मदेव आला तरी न्हाई."

छबूबाईनं पुढचं ऐकलंच नाही. तिनं पदर खोचला आणि एसटी स्टँडची वाट धरली.

सोनईत ती पोचली तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. वैजनाथ महाराज म्हशीला वैरण टाकत होते. अंगावर बंडी, कपाळाचा बुक्का घामानं ओघळलेला. छबूबाईनं या माणसाचं कीर्तन किती वेळा ऐकलं असेल! बायकांच्या बाजूला बसून ऐकताना वाटायचं, याला म्हशी-वैरणीशी काय देणंघेणं असणार. तिनं वाकून पाय धरले.

"महाराज, एक पाप सांगायचंय."

"आधी बस, माऊली. पानी घे. पाप काय पळून चाललंय का?"

तिनं सांगितलं. वीस, तीस, दहा. तसबीर, बाटली, बर्फाचा डबा. महाराजांची बायको भामाबाई दारात उभी राहून ऐकत होती. सांगून झालं तेव्हा महाराजांच्या हातातली पेंढी तशीच राहिली होती.

"म्हंजे बारा वर्षं नवऱ्याला फसवलंस," ते म्हणाले.

"व्हय."

"आन माझ्याकडनं काय पायजे?"

"उद्या कीर्तनाच्या गादीवरनं तुमी सांगा. शुगरवाल्यानं उपास धरू नये म्हनून. तुमचा शब्द ते मोडायचे न्हाईत."

महाराजांनी मान हलवली. "अवघड हाय, माऊली. मी एकादशीचं माहात्म्य सांगायला चाललोय. तिथंच उभं राहून मोडा म्हनू? आत साठ-सत्तर मानसं असतील. त्यांच्याकडनं घरदार काढून घेतलंय, नाव काढून घेऊन नंबर दिलाय. एक उपास तेवढा त्यांचा सोताचा हाय. त्याला मी हात लावू?"

"साठ-सत्तरांचं न्हाई म्हनत मी," छबूबाईचा आवाज चिरकला. "एकाचंच म्हनते. उद्या दहा वाजता त्यो मानूस जमिनीवर आडवा असंल, महाराज."

"सर्वांपुढं एका मानसाला कसं बोलायचं? त्याची लाज—"

"काय हो," भामाबाई दारातूनच बोलली, "परवा वांबोरीला दोन तास उभं राहून सांगत हुता, देव भक्तासाठी काय काय करतो म्हनून. दळन दळतो, पानी भरतो. आन तुमाला एक वाक्य जड झालं?"

महाराजांनी बायकोकडे रागानं बघितलं. मग वैरण म्हशीपुढं टाकली. "बघू," एवढंच म्हणाले. "तिथं उभं राह्यल्यावर पांडुरंग काय बोलवून घेतो ते बघू."

हा काही शब्द दिल्यासारखा शब्द नव्हता. छबूबाई त्या घरीच राहिली. भामाबाईनं भाकरी पुढं केली, ती तिनं तशीच झाकून ठेवली.

सकाळी महाराजांच्या जीपमध्ये पखवाज मांडीवर घेऊन ती मागं बसली. साडेसात वाजले तेव्हा जीप निम्म्या वाटेवर होती. छबूबाईनं डोळे मिटले. आता सुई टोचली असेल. आता औषध अंगात उतरायला लागलं असेल. घरी ती पंधरा मिनिटांत केळं सोलून हातात द्यायची.

फाटकावर भाऊसाहेब भेटले तेव्हा त्यांनी आधी छबूबाईकडे बघितलं. "सांगितलं मी. हसले नुसते. सुई घेतली, आन तोंडात पान्याचा थेंब न्हाई. टाळ मागून घेतलेत, कीर्तनात उभं राहनार म्हनत्यात."

झडती झाली. पखवाज वाजवून बघितला, वीणा हलवून बघितली. महाराजांच्या पिशवीत भामाबाईनं दिलेली खडीसाखरेची पुडी निघाली.

"खायचं आत न्यायचं न्हाई," आतून आलेला जेलर म्हणाला.

"प्रसाद हाय, साहेब."

"मागच्या म्हैन्यात प्रसादातनं तंबाखू आली होती, महाराज. राग मानू नका."

महाराजांनी पुडीकडे बघितलं, मग छबूबाईकडे बघितलं, आणि पुडी तिच्या ओंजळीत ठेवून ते आत गेले. फाटक लागलं.

छबूबाई रस्त्याच्या कडेला लिंबाखाली, भिंतीला पाठ लावून बसली. हातात साखर होती आणि मधे दीड हात जाडीची भिंत. तिला ठाऊक होतं, या जेलात स्वयंपाक होत नाही. ठेकेदाराचा डबा अकराला येतो. आत गुळाचा खडासुद्धा सापडणार नाही.

भोंग्यातून नाम सुरू झालं. पखवाज घुमला, आणि मग टाळ. इतक्या टाळांत तिनं आपल्या माणसाचा टाळ चटकन ओळखला. बाकीचे छण्ण करून सोडून द्यायचे. कानिफनाथ मात्र समेवर टाळ दाबून धरायचे, त्याचा आवाज 'छक्' असा यायचा. तीस वर्षं ती बायकांच्या बाजूनं तो आवाज ऐकत आली होती. छक्. आहेत. छक्. उभे आहेत.

महाराजांनी निरूपण सुरू केलं. एकादशीचं माहात्म्य.  सव्वानऊ झाले असतील. साडेनऊ झाले असतील. महाराज उपासाची थोरवी सांगत होते, मधेच विनोद करत होते, आत हसण्याची लाट उठत होती. सांगा ना हो, ती मनात म्हणत होती. सांगा. मधे नाम आलं, टाळ वाजले. छक् जरा उशिरा आला.

तिनं पुडी इतकी आवळली की खडे तळहाताला रुतले.

"आता एक दृष्टांत ऐका," भोंग्यातून महाराजांचा आवाज आला. "एका गावात एक नेमाचा मानूस व्हता. त्याला शुगर. बायको रोज सुई द्यायची. ह्याला सुई बघवत नसे. मग हा काय करायचा? तोंड भिंतीकडं! भिंतीवर पांडुरंग." आत हशा पिकला. "एकादशी आली की ह्याचा कडक उपास. बायको बिचारी भ्यायची. न सांगता सुईत निम्मंच औषध भरायची. एक वर्ष न्हाई, बारा वर्षं! आन हा गावाला सांगत सुटला, पूर्ण सुई घेऊन उपास करतो, पांडुरंगानं मला सांभाळलं."

पुन्हा हशा. 

"हसू नका. खोटं बोलत न्हवता तो. सांभाळलंच की पांडुरंगानं! फक्त हा तोंड करून बसला व्हता भिंतीकडं, आन पांडुरंग उभा व्हता ह्याच्या पाठीमागं. लुगडं नेसून. हातात सुई घेऊन."

आत एकदम शांत झालं. छबूबाईच्या डोळ्यांतून पाणी कधी आलं, तिलाही कळलं नाही.

"त्याचं व्रत त्या हातानं राखलं, माऊली. तो हात म्हनत असंल, आज खा, तर ती देवाचीच आज्ञा समजायची. बोला, विठ्ठल, विठ्ठल..."

पखवाज वाजला. टाळ वाजले. छण्ण, छण्ण, छण्ण. समेवर तिनं कान टवकारले. छक् आला नाही.

पुढच्या समेवरही आला नाही. मग फरशीवर धातू आपटल्याचा आवाज झाला, आणि नाम तुकड्यातुकड्यानं थांबलं.

छबूबाई उठली. वय, गुडघे, पदर, कशाचं भान राहिलं नाही. तिनं फाटकावर दोन्ही हातांनी धडका मारल्या. "भाऊसाहेब! साखर! साखर घ्या!"

माइक चालूच होता. आतलं सगळं बाहेर रस्त्यावर ऐकू येत होतं. "घाम बघा केवढा सुटलाय..." "गाडी बोलवा." "गार्ड कुठाय? दोघं बंदोबस्ताला गेलेत." "ॲम्बुलन्स पाऊन तास म्हनतीय." "हात कापतोय बघा."

फाटकाची खिडकी उघडली. भाऊसाहेबांनी जेलरकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. पुडी हातातून ओढली आणि धावले.

"तांब्या आना," महाराजांचा आवाज. मग पाण्यात खडे पडून चमचा फिरल्याचा आवाज. "कानिफबुवा. ओ बुवा. इकडं बघा. हे गादीवरचं तीर्थ हाय. नको म्हनायचं न्हाई. तोंड उघडा."

काहीच ऐकू येईना. लिंबावर एक कावळा ओरडला. छबूबाईनं कपाळ फाटकाला टेकलं होतं आणि तिचे ओठ हलत होते, पण त्यावर कोणतं नाव होतं, देवाचं की मालकांचं, ते तिला सांगता आलं नसतं.

"उघडलं," कुणीतरी म्हणालं.

"हां. गिळा. आनखी एक घोट."

मग कुणाला तरी माइक आठवला आणि भोंगा बंद झाला. तो बंद झाल्यावरचा वेळ सगळ्यांत वाईट गेला. वीस मिनिटं असतील, तिला ती पुऱ्या आयुष्याएवढी वाटली. ॲम्बुलन्स आली नव्हती. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या.

खिडकी उघडली. भाऊसाहेबांचा शर्ट घामानं ओला झाला होता.

"बसलेत उठून. बोलत्यात. एक निरोप हाय." त्यांनी घसा खाकरला. "इचारत्यात, एकादशीला नेमकी किती देत हुतीस?"

"दहा," छबूबाई म्हणाली.

भाऊसाहेब आत गेले, परत आले. आता त्यांच्या मिशीखाली हसू होतं. "म्हनत्यात, पुढच्या शुक्रवारी लवकर ये. लई भांडायचंय."

छबूबाई मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर धरून हसली की रडली, कुणास ठाऊक. आतून नाम पुन्हा सुरू झालं, भोंग्याशिवाय, नुसतं भिंतीवरून येणारं. त्यात छक् नव्हता. तो आज येणार नव्हता, हे तिला कळत होतं. बसायला सांगितलं असेल त्यांना.

मग ती एकदम ताठ झाली. डोळे पुसले.

"भाऊसाहेब, उद्या सकाळी किती देनार?"

भाऊसाहेबांनी नजर वळवली. हसू गेलं.

"डॉक्टर सोमवारी येनार, मावशी. कागदावर..." ते थांबले. "कागदावर अजून तीसच हाय."

"आन जेवायचा डबा अकराला."

"व्हय."

 आत एकाच्या मागून एक टाळ वाजत होते. छबूबाईनं पिशवीतून जुन्या अर्जाची नक्कल काढली, पाठकोऱ्या बाजूवर लिहायला पेन मागितला, आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत पहिली ओळ लिहिली: आज माझे मालक बेशुद्ध पडता पडता वाचले.

"हे आत्ताच घ्या," ती म्हणाली. "शिक्का मारून द्या. आन साहेबाला म्हनावं, डॉक्टरला फोन लागत न्हाई तवर ही बाई फाटकावरनं उठायची न्हाई."

भाऊसाहेबांनी कागद घेतला. मग खिशातून खडीसाखरेची उरलेली पुडी काढून तिला परत द्यायला हात पुढं केला, आणि मधेच थांबले. त्यांनी पुडीची घडी नीट घातली आणि वर्दीच्या वरच्या खिशात ठेवून बटण लावलं.

"उद्या साडेसातला माझीच ड्युटी हाय," ते म्हणाले.